कर्वेनगरचा एक पीसी, दोन वापरणारे आणि २७ इंची मॉनिटरचं रिझोल्यूशन

पुण्यात कर्वेनगरमधल्या एका वन बीएचके फ्लॅटमध्ये बहीण-भाऊ राहतात आणि दोघांत मिळून पीसी एकच आहे. दिवसा थोरली बहीण त्यावर हिशेबाचं काम करते. एक्सेल, जीएसटीची विवरणपत्रं आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांची इतिवृत्तं, तीही मराठीत टाइप करून. रात्री धाकटा भाऊ खेळतो. मित्रांबरोबर व्हॅलोरंट रोजचंच, आणि सुट्टीच्या दिवशी सायबरपंक २०७७ सारखे एकट्याने खेळायचे जड गेम.

मशीनमध्ये रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम (८-८च्या दोन कांड्या), १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि खाली ६०० व्हीएचा यूपीएस. मॉनिटर जुना, २४ इंची, १०८०पी (रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, १९२० × १०८०), ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा). टेबल भिंतीला टेकलेलं, दोन फूट खोल. नव्या मॉनिटरसाठी बाजूला काढलेले पैसे पंचवीस हजारांच्या आतबाहेर.

टिळक रोडवरच्या दुकानांतून फिरल्यावर या पैशांत तीन पर्याय समोर आले, तिन्ही २७ इंची: १०८०पी आणि १८० हर्ट्झ, १४४०पी (२५६० × १४४०) आणि १६५ हर्ट्झ, किंवा ४के (३८४० × २१६०) पण ६० हर्ट्झ. भावाचा ओढा ४केकडे होता. बहिणीचं एकच म्हणणं होतं, "अक्षर स्वच्छ दिसलं पाहिजे, संध्याकाळी डोळे चुरचुरायला नकोत." दुकानात तिन्ही मॉनिटर शेजारी-शेजारी लावले तेव्हा पहिल्या दोहोंत त्यांना फरकच दिसला नाही, आणि इथूनच घोळ सुरू झाला.

फरक का दिसला नाही, याचं उत्तर टेपने मोजता येतं. २७ इंची पडद्याची रुंदी साधारण ५९८ मिलिमीटर. त्यात १९२० ठिपके बसवले की एक ठिपका ०.३११ मिलिमीटरचा होतो, २५६० बसवले की ०.२३३चा, ३८४० बसवले की ०.१५६चा. सामान्य चांगल्या दृष्टीला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील सुटा दिसतो असं धरलं, तर ठिपक्याच्या मापाला ३४३८ने गुणायचं. त्या अंतराच्या पलीकडे ठिपके डोळ्यांत मिसळून जातात. १०८०पीसाठी हे अंतर १०७ सेंटिमीटर येतं, १४४०पीसाठी ८० आणि ४केसाठी ५४. दुकानात दोघं काउंटरच्या अलीकडे उभे होते, पडद्यापासून चार फुटांवर, म्हणजे १२२ सेंटिमीटरवर. तिथून १०८०पी आणि १४४०पी सारखेच दिसणार. घरी मात्र टेबल दोन फूट, मॉनिटरच्या स्टँडचा पाय वीसेक सेंटिमीटर खातो, आणि माणूस खुर्चीत थोडा मागे बसतो. डोळा ते पडदा हे अंतर भरलं ६० सेंटिमीटर. त्या अंतरावर २७ इंची १०८०पीचा ठिपका दिसण्याच्या मर्यादेच्या पावणेदोन पटीहून थोडा मोठा पडतो. दूरवरच्या कुंपणाच्या तारा, झाडाच्या फांद्या, शत्रूच्या बंदुकीची कडा, सगळीकडे पायऱ्या दिसतात.

म्हणून दुकानात जायचं तर टेप घेऊन जावं, खुर्ची मागून घ्यावी आणि आपल्या घरच्या अंतरावरच बसून पाहावं. आपल्या कामाचं एखादं मराठी पान पेनड्राइव्हवर न्यावं. दुकानात चालू असलेल्या रंगीत डेमो व्हिडिओवरून रिझोल्यूशन ठरवू नये. तो सगळ्याच पडद्यांवर देखणा दिसावा म्हणूनच बनवलेला असतो.

जुन्या २४ इंची मॉनिटरवर ठिपका ०.२७७ मिलिमीटरचा होता. याचा अर्थ, पहिला पर्याय घेतला असता तर पैसे खर्चून पडदा मोठा झाला असता आणि अक्षर जुन्यापेक्षा भरड. २७ इंचांवर १०८०पी म्हणजे इंचाला ८२ ठिपके, २४ इंचांवर ९२. बहिणीच्या कामासाठी हा पर्याय इथेच बाद झाला, आणि आमच्या मते तो तसाही बाद व्हायला हवा. १०८०पी घ्यायचं असेल तर २४ इंचांवर थांबावं.

अक्षराचा मुद्दा थोडा खोलात सांगायला हवा, कारण इथे बऱ्याच जणांची फसगत होते. विंडोजमध्ये स्केलिंग (अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) १०० टक्के असताना ११ पॉइंटच्या अक्षराला सुमारे १५ ठिपक्यांची उंची मिळते, मग पडदा १०८०पी असो वा १४४०पी. रिझोल्यूशन वाढवलं म्हणून अक्षराला आपोआप जास्त ठिपके मिळत नाहीत. अक्षर फक्त लहान होतं. २४ इंची १०८०पीवर ते १५ ठिपके ४.२ मिलिमीटर जागा घेत होते, २७ इंची १४४०पीवर ३.५ घेतात. म्हणून मॉनिटर बदलल्यावर वर्डमध्ये झूम १२५ टक्के ठेवायचा. मग अक्षराला १८-१९ ठिपके मिळतात आणि उंची ४.४ मिलिमीटर होते, म्हणजे पूर्वीपेक्षा किंचित मोठीच. देवनागरीला हे जादा तीन-चार ठिपके इंग्रजीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. शिरोरेघेच्या वर मात्रा, अनुस्वार आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षराचा अर्धा भाग, हे सगळं त्याच उंचीत कोंबायचं असतं. १५ ठिपक्यांत 'र्मि' आणि 'र्मिं' यांतला फरक वाचणाऱ्याला अंदाजाने ओळखावा लागतो.

फक्त अक्षराचाच विचार केला तर ४के जिंकतं. १५० टक्के स्केलिंगवर तिथे त्याच अक्षराला २२ ठिपके मिळतात. बहीण एकटी वापरणारी असती तर २७ इंची ४के ६० हर्ट्झ हीच आमची शिफारस असती. पण रात्रीचा वापर उरतो, आणि तो ग्राफिक्स कार्डच्या कुवतीवर ठरतो.

ती कुवत मॉनिटर घेण्याआधीच मोजता येते, आणि हे फार कमी जण करतात. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'खाली डीएसआर फॅक्टर्स आहेत. जुन्या १०८०पी मॉनिटरवर १.७८ निवडलं की गेमच्या रिझोल्यूशनच्या यादीत २५६० × १४४० दिसू लागतं, ४.०० निवडलं की ३८४० × २१६०. कार्ड खरोखर तेवढे ठिपके काढतं आणि मग चित्र आवळून १०८०पी पडद्यावर दाखवतं. आवळण्याचा भार किरकोळ असतो, त्यामुळे मिळणारा एफपीएस (सेकंदाला निघणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) नव्या मॉनिटरवर मिळेल त्याच्या अगदी जवळचा असतो. एएमडीच्या कार्डांवर याच कामाला व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन आहे. मोजताना गेम फुलस्क्रीनमध्ये ठेवायचा, बॉर्डरलेसमध्ये नाही. व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या हर्ट्झशी बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा दोन्ही बंद. ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र फाटताना दिसेल, तिकडे लक्ष द्यायचं नाही. चित्राची स्पष्टताही यावरून ठरवायची नाही, फक्त आकडा घ्यायचा.

आकडा सरासरीचा एकटा पुरत नाही. एमएसआय आफ्टरबर्नरबरोबर येणाऱ्या रिव्हाट्यूनरने सरासरी, तळाच्या १ टक्का (सगळ्यात संथ) फ्रेमचा एफपीएस, कार्डचा वापर आणि व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी) असे चारही आकडे पडद्यावर ठेवायचे. गेममधली एकच वाट, एकाच वेळची, प्रत्येक रिझोल्यूशनला तीनदा चालायची. पहिली फेरी सोडून द्यायची, कारण तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे कार्डवरचे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात.

सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशाचा जड हिशेब) बंद आणि बाकी सेटिंग 'हाय' ठेवून १०८०पीला ७०च्या आसपास एफपीएस आला, १४४०पीला ४५च्या आसपास. ठिपके १.७८ पट वाढले, वेग मात्र १.५५ पटीनेच उतरला. कारण प्रत्येक फ्रेममधलं काही काम ठिपक्यांच्या संख्येवर अवलंबून नसतं. हे वेळेत मांडलं की हिशेब उलगडतो. ७० एफपीएस म्हणजे फ्रेमला १४.३ मिलिसेकंद, ४५ म्हणजे २२.२. ठिपके २०.७ लाखांवरून ३६.९ लाखांवर गेले आणि ७.९ मिलिसेकंद वाढले. म्हणजे दर दहा लाख ठिपक्यांना ४.९ मिलिसेकंद. १०८०पीच्या वेळेतून ठिपक्यांचा वाटा वजा केला की साधारण ४.१ मिलिसेकंद स्थिर काम उरतं. आता ४केचे ८२.९ लाख ठिपके यात घाला: ४.१ अधिक ४०.६, म्हणजे ४४.७ मिलिसेकंद, म्हणजे २२ एफपीएस. डीएसआर ४.०० लावून पडताळलं तेव्हा आकडा २० ते २२च्या दरम्यानच आला. दोन मापांवरून तिसऱ्याचा असा अंदाज बहुतेक गेममध्ये चांगला लागतो, फक्त व्हीरॅम भरलेली नसली पाहिजे. ती भरली की सरासरी फारशी हलत नाही, पण तळाचा १ टक्का कोसळतो आणि खेळताना हिसके बसतात. ३०६०च्या १२ जीबीमुळे १४४०पीला इथे ती अडचण नव्हती; ८ जीबीच्या कार्डवर हाच गेम टेक्स्चर सगळ्यात वर ठेवून तपासून घ्यावा.

४५ एफपीएस पाहून भावाचा चेहरा उतरला, पण अजून डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करण्याचं एनव्हिडियाचं तंत्र, लावायचं होतं. त्याच्या 'क्वालिटी' पातळीत कार्ड प्रत्येक बाजूने दोन-तृतीयांश चित्र काढतं आणि उरलेलं भरून घेतं. १४४०पीसाठी आतलं चित्र १७०७ × ९६० होतं, म्हणजे १६.४ लाख ठिपके, मूळ १०८०पीच्या २०.७ लाखांपेक्षाही कमी. भरून घेण्याच्या कामाला स्वतःचे दोन-तीन मिलिसेकंद लागतात, तरी शेवटी ६० ते ६५ एफपीएस मिळाला. म्हणजे १०८०पीच्या जवळपासचा वेग, आणि नव्या मॉनिटरवर चित्र १४४०पीचं. दूरच्या बारीक जाळ्या आणि पावसाच्या रेघा कधी कधी थरथरतात, पण ६० सेंटिमीटरवरून मूळ १०८०पीपेक्षा हे चित्र नक्कीच सरस दिसतं. १०८०पी मॉनिटरवर डीएलएसएस क्वालिटी लावलं तर आतलं चित्र १२८० × ७२० इतकं खाली जातं, आणि तिथे भरून घ्यायला माल अपुरा पडतो. म्हणूनच मधल्या दर्जाच्या कार्डवर डीएलएसएसचा खरा फायदा १४४०पीपासून सुरू होतो. ३०६०वर डीएलएसएस ३ची फ्रेम जनरेशन (दोन फ्रेमच्या मध्ये जादा फ्रेम बनवून घालणं) चालत नाही, ती ४० मालिकेपासून पुढे. त्या आशेवर ४के घेऊ नये.

व्हॅलोरंटचं गणित निराळं. १०८०पीला कार्डचा वापर ६०-७० टक्क्यांवरच अडकला होता, म्हणजे अडसर प्रोसेसर आणि रॅमचा. अशा वेळी रिझोल्यूशन वाढवलं तरी एफपीएस जवळपास तिथेच राहतो, कारण कार्डकडे ताकद पडून असते. बायोसमध्ये पाहिलं तर रॅम ३२०० ऐवजी २४००वर चालत होती, एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) कधी चालूच केलेलं नव्हतं. ते चालू केल्यावर तळाचा १ टक्का स्पष्ट सुधारला, तोही एक रुपया न घालता. मॉनिटर बदलण्याआधी हे प्रत्येकाने पाहावं. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये रॅमचा वेग लिहिलेला असतो. त्यानंतर १४४०पीलाही व्हॅलोरंट १६५ हर्ट्झच्या कितीतरी वर राहिलं. ६० हर्ट्झवर पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो, १६५वर दर ६.१ मिलिसेकंदांनी. गोळ्या झाडायच्या खेळात हा फरक कोणत्याही जादा ठिपक्यांपेक्षा मोलाचा आहे, आणि ४के ६० हर्ट्झचा पर्याय भावासाठी इथेच संपला.

अशा रीतीने १४४०पी १६५ हर्ट्झ उरला. पॅनेलच्या दोन प्रकारांपैकी आयपीएस घेतलं, कारण या किमतीतल्या स्वस्त व्हीए पॅनेलमध्ये काळ्यातून करड्याकडे जाताना रंग ओढल्यासारखा सांडतो आणि अंधाऱ्या खोलीतला शत्रू धूसर होतो. काळा रंग आयपीएसवर कमी गडद दिसतो, हे मान्य करून. खोक्यावर 'सपोर्ट्स ४के' छापलेलं असू शकतं. ते फक्त आत घेता येणाऱ्या सिग्नलबद्दल असतं. पाहायचं ते नेटिव्ह, म्हणजे पडद्याचं स्वतःचं रिझोल्यूशन, २५६० × १४४०.

बसवल्यावर तीन गोष्टी अडल्या, आणि तिन्ही घरोघरी अडतात.

पहिली केबल. जुनी एचडीएमआय केबल तशीच लावली तर पडदा ६० हर्ट्झवर सुरू झाला. या मॉनिटरचं एचडीएमआय २.० आहे, त्यावर १४४०पीला १४४ हर्ट्झपर्यंतच जाता येतं. पूर्ण १६५साठी डिस्प्लेपोर्ट लागतं. डिस्प्लेपोर्टची केबल लावूनही विंडोजने ६०च धरून ठेवलं होतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने जाऊन १६५ हाताने निवडावं लागलं. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक कंपॅटिबल (पडद्याचा वेग गेमच्या एफपीएसशी जुळवणारी सोय) चालू केलं, त्याआधी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ॲडॅप्टिव्ह सिंक चालू असायला हवं, नाहीतर पर्यायच दिसत नाही. ज्या गेममध्ये एफपीएस वर जातो तिथे मर्यादा १६०वर बांधली, म्हणजे तो सिंकच्या पट्ट्याबाहेर उडत नाही.

दुसरी तक्रार भावाची: "व्हॅलोरंट जुन्यापेक्षा घाण दिसतंय." गेमच्या सेटिंगमध्ये जुनं १९२० × १०८० तसंच राहिलं होतं. १४४०पी पडद्यावर १०८०पी चित्र १.३३ पटीने ताणावं लागतं. एक ठिपका सव्वा-दीड ठिपक्यांत वाटता येत नाही, म्हणून शेजारचे रंग मिसळतात आणि सगळं पुसट होतं. २५६० × १४४० निवडताच ते गेलं. ज्यांना १४४०पी घेऊन बरेच गेम १०८०पीवरच चालवायचे आहेत, त्यांनी आधी विचार करावा. त्यापेक्षा १४४०पी ठेवून डीएलएसएस किंवा एफएसआर (एएमडीचं तसंच तंत्र) लावावं, आणि ते नसलेल्या गेममध्ये सावल्या, व्हॉल्यूमेट्रिक धुकं आणि प्रतिबिंबं खाली आणावीत. टेक्स्चरला शेवटी हात लावावा, कारण व्हीरॅम पुरत असेल तर त्याचा वेगावर जवळपास काही भार नसतो.

तिसरी गोष्ट यूपीएसची, आणि ती मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली तेव्हाच कळली. जुन्या मॉनिटरवर व्ही-सिंकमुळे खेळ ६० एफपीएसला बांधलेला होता आणि कार्ड पूर्ण ताकदीवर जात नसे. आता जड गेममध्ये ते पूर्ण १७० वॉट ओढू लागलं. त्यात प्रोसेसरचे ५० ते ७५, बाकी सामानाचे चाळीसेक, पॉवर सप्लायची गळती आणि मॉनिटरचे ३५ धरले की एकूण ३४० ते ३६० वॉट होतात. ६०० व्हीएचे बहुतेक घरगुती यूपीएस ३६० वॉटचेच असतात. वीज गेली, यूपीएस एकदा ओरडला आणि मशीन बंद. १००० व्हीएचा यूपीएस हा खरा उपाय. तोवर आफ्टरबर्नरमध्ये कार्डची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली. १३६ वॉटवर एफपीएस थोडाच उतरतो, आणि एप्रिल-मेच्या पुण्यात बंद खोली तापायचीही कमी होते.

मॉनिटरच्या ओव्हरड्राइव्हला (ठिपक्यांचा रंग लवकर बदलवणाऱ्या सेटिंगला) तीन पातळ्या होत्या. सगळ्यात वरची लावली की हलत्या वस्तूमागे पांढुरकी कडा उमटते, म्हणून मधली ठेवली. बहिणीसाठी क्लिअरटाइप (विंडोजची अक्षरं गुळगुळीत करणारी सोय) पुन्हा जुळवून घेतलं आणि दिवसाचा ब्राइटनेस खिडकीच्या उजेडाला साजेसा खाली आणला. कारखान्यातून तो बहुधा दुकानासाठी असतो तसा भगभगीत येतो.

हाच निर्णय कुठे बदलला असता, तेही सांगायला हवं. फक्त व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याने २४ इंची १०८०पी जास्त हर्ट्झचा घ्यावा आणि उरलेले पैसे प्रोसेसर-रॅमला लावावेत. ६० सेंटिमीटरवरून २७ इंची पडदा रुंदीला ५३ अंश व्यापतो, २४ इंची ४८. कोपऱ्यातला नकाशा लहान पडद्यावर डोळा कमी फिरवून दिसतो. कार्ड जीटीएक्स १६६० सुपरसारखं असेल, तर त्यावर डीएलएसएस चालत नाही आणि व्हीरॅम ६ जीबीच. तिथेही १०८०पीच बरं. ३२ इंची १४४०पी घेऊ नये, त्यात इंचाला पुन्हा ९२च ठिपके येतात आणि या टेबलावर तो फार जवळ पडतो. मॉनिटरच्या पाठीवरच्या १०० × १०० मिलिमीटरच्या व्हेसा छिद्रांवर भिंतीचा आर्म लावला तर पडदा पंधरा-वीस सेंटिमीटर मागे जाईल, आणि २७ इंची १४४०पीचे ठिपके दिसण्याच्या मर्यादेला टेकतील. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडायला मालकाची परवानगी लागते, म्हणून टेबलाच्या कडेला चिमटा लावायचा आर्म या दोघांनी पाहून ठेवला आहे.

बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक आणि सिरियल नंबर आहे की नाही हे दुकानातच पाहून घेतलं. डेड पिक्सेलसाठी लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पाच पूर्ण रंग पडद्यावर आणून तपासलं, काळ्यावर कोपऱ्यांतून उजेड झिरपतो का ते खोलीतला दिवा बंद करून. किती मृत ठिपक्यांना बदली मिळते हे कंपनीगणिक वेगळं असतं. ते विकत घेण्याआधी लेखी विचारावं, आणि सर्व्हिस सेंटर पुण्यातच आहे का हेही, कारण २७ इंची पॅनेल कुरिअरने परगावी पाठवणं धोक्याचं असतं. मूळ खोका आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवला आहे.